लॅसिक्स की लोसेक? प्रश्न फक्त डॉक्टरांच्या अक्षराचा नाही

डॉक्टरांचे अक्षर हा आपल्याकडे विनोदाचा जुना विषय. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने मात्र तो गांभीर्याने घेतला. एका जामीन अर्जाच्या सुनावणीत न्यायालयासमोर वैद्यकीय अहवाल आला आणि त्यातला एक शब्दही वाचता येईना. वाचता येईल असे प्रिस्क्रिप्शन मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यावर म्हटले. छापील प्रिस्क्रिप्शनची व्यवस्था दोन वर्षांत उभी करावी, तोवर डॉक्टरांनी कॅपिटल अक्षरांत लिहावे आणि वैद्यकीय अभ्यासक्रमात सुवाच्य लेखनाचा समावेश व्हावा, असेही निर्देश दिले.

निर्देश योग्यच आहेत. पण त्यानंतरची बरीचशी चर्चा डॉक्टरांच्या अक्षरापाशीच थांबली. औषधाच्या चिठ्ठीवरचा गोंधळ फक्त अक्षरातून होत नाही, तो नावातूनही होतो. याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे लॅसिक्स आणि लोसेक. एक लघवी वाढवणारे औषध, दुसरे पोटातले आम्ल कमी करणारे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. संबंध जुळला तो केवळ नावाच्या वळणामुळे.

दोन औषधे, दोन कामे

लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड. १९६०च्या दशकात आलेले हे औषध आजही हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी रोजच्या वापरात आहे. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांमध्ये रक्तातून गाळलेले मीठ परत शोषून घेण्याची यंत्रणा असते. फ्युरोसेमाइड त्यातला एक महत्त्वाचा पंप बंद करते. मीठ लघवीतून बाहेर पडते आणि मिठामागोमाग पाणी. गोळी घेतल्यावर तासाभरात लघवीचे प्रमाण वाढते आणि हा परिणाम साधारण सहा तास टिकतो. ज्याचे हृदय कमजोर झाले आहे, पायांवर सूज आहे, आडवे झाले की दम लागतो, त्याच्या फुप्फुसात साठलेले पाणी ही गोळी उतरवते. मात्र मिठाबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही वाहून जाते. त्यामुळे हे औषध चालू असताना रक्ततपासणी करावी लागते.

लोसेक म्हणजे ओमेप्राझोल. ते युरोपात १९८८ मध्ये आणि अमेरिकेत १९८९ मध्ये आले. जठराच्या अस्तरातल्या ज्या पेशी आम्ल तयार करतात, त्यांच्यातला शेवटचा पंप हे औषध निकामी करते. पेशीला नवे पंप तयार करावे लागतात, म्हणून औषध रक्तातून काही तासांत निघून गेले तरी परिणाम दिवसभर टिकतो. जठरातल्या किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी झालेल्या व्रणाच्या उपचारात या औषधाने क्रांती केली. आपल्याकडे आज घरोघरी असलेले पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल ही याच कुटुंबातली भावंडे. हे औषधही पूर्ण निरुपद्रवी नाही. दीर्घकाळ घेतल्यास रक्तातले मॅग्नेशियम कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, असेही त्यात होते.

गोंधळ झाला कसा

अमेरिकेत लोसेक बाजारात आले तेव्हा लॅसिक्स तिथल्या डॉक्टरांच्या आणि फार्मासिस्टच्या हाताखालचे औषध होते. इंग्रजीत दोन्ही नावे पाच अक्षरांची, दोन्हींची सुरुवात एकाच अक्षराने, मधला ‘एस’ दोन्हींत नेमका तिसऱ्या जागी. घाईत लिहिलेला ‘ए’ आणि ‘ओ’ ओळखणे अवघड, आणि शेवटचे ‘सी’ किंवा ‘एक्स’ लेखणी ओढली की सारखेच दिसते.

एरवी नाव अस्पष्ट असले तरी मात्रेवरून संशय येतो. इथे तो मार्गही बंद होता, कारण लोसेक २० मिलिग्रॅममध्ये यायचे आणि लॅसिक्सही २० मिलिग्रॅममध्ये मिळायचे. दोन्ही गोळ्या बहुधा सकाळी, दिवसातून एकदा. म्हणजे नाव, मात्रा आणि वेळ, या तिन्ही गोष्टी चुकीच्या औषधावरही तंतोतंत बसत होत्या. चिठ्ठी वाचणाऱ्याने नवखे नाव बाजूला सारून ओळखीचे नाव वाचले, तर त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही. माणसाचा मेंदू असाच वाचतो. अर्धवट दिसलेला शब्द तो सवयीने पुरा करतो.

अदलाबदलीच्या तक्रारी येऊ लागल्या. एका मृत्यूशीही या गोंधळाचा संबंध जोडला गेला. अखेर १९९० मध्ये अमेरिकेत लोसेकचे नाव बदलून प्रिलोसेक करण्यात आले. कॅनडा, ब्रिटनमध्ये मात्र लोसेक हेच नाव राहिले.

गोष्टीचा पुढचा भागही बोधक आहे. काही वर्षांत प्रिलोसेक आणि प्रोझॅक यांच्यात गोंधळ होऊ लागला. प्रोझॅक हे नैराश्यावरचे औषध, आणि तेही २० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये. एक जोडी मोडली तर दुसरी तयार झाली. नव्या नावाची जुन्या सगळ्या नावांशी पडताळणी झाली नाही, तर चूक फक्त जागा बदलते.

शांतपणे होणारी चूक

अशा अदलाबदलीचा खरा धोका असा, की ती लवकर लक्षात येत नाही.

समजा, हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला लघवीच्या गोळीऐवजी आम्लाची गोळी मिळाली. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय सुजतात, चपला घट्ट होतात. मग रात्री झोपताना एकाऐवजी दोन उश्या लागतात. घरचे म्हणतात, आजार वाढला. डॉक्टर केसपेपर पाहतात, त्यावर लघवीची गोळी लिहिलेली असते, म्हणून ते मात्रा वाढवतात. रुग्ण आता चुकीचीच गोळी दुप्पट घेऊ लागतो. पट्टी कोणी पाहिली नाही, तर रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचेपर्यंत चूक उघड होत नाही.

आता उलट बाजू. जठरात व्रण असलेल्या रुग्णाला आम्लाच्या गोळीऐवजी लघवीची गोळी गेली. दिवसभर लघवीला जावे लागते, तोंड कोरडे पडते, पायांत गोळे येतात, उठताना चक्कर येते. रुग्ण वयस्कर असेल आणि दिवस विदर्भातल्या मे महिन्याचे असतील, तर बाथरूममध्ये पडून मांडीचे हाड मोडायला एवढे पुरेसे आहे. पोटॅशियम घसरले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. आणि ज्या व्रणासाठी उपचार सुरू केला, तो तसाच राहतो. त्यातून रक्तस्राव झाला तर शौचाला डांबरासारखे काळे होते.

दोन्ही प्रसंगांत चूक आजाराच्या वेषात येते. म्हणूनच अशा चुकांची मोजदाद कठीण असते. ‘औषध बदलले गेले’ अशी नोंद क्वचितच होते. नोंद होते ती ‘हृदयविकार बळावला’ किंवा ‘अशक्तपणामुळे पडले’ अशी.

नाव बदलणे हा उपचार

लोसेकच्या प्रकरणात अमेरिकेने डॉक्टरांना सुंदर अक्षर काढायला सांगून विषय संपवला नाही. नाव बदलले. पुढेही हीच वाट धरली गेली. स्मृतिभ्रंशावरच्या रेमिनिल या औषधाचा अमॅरिल या मधुमेहाच्या गोळीशी गोंधळ होऊन रुग्ण दगावले, तेव्हा २००५ मध्ये रेमिनिलचे नाव रॅझाडाइन झाले. अमॅरिल आपल्याकडच्या असंख्य मधुमेहींच्या परिचयाचे आहे. साखरेचा आजार नसलेल्या वृद्धाला ते चुकून मिळाले तर काय होईल, हे सांगायला नको. २०१६ मध्ये नैराश्यावरच्या ब्रिंटेलिक्सचे नाव ट्रिंटेलिक्स करण्यात आले, कारण ते रक्त पातळ ठेवणाऱ्या ब्रिलिंटाशी गल्लत करत होते.

आता तिथे औषधाला मान्यता देण्यापूर्वी त्याचे प्रस्तावित नाव आधीच्या नावांशी उच्चार आणि लिखाण या दोन्ही अंगांनी संगणकावर ताडून पाहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय जाहीर केले, त्यात पहिलाच मुद्दा सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या औषधनामांचा होता.

आपल्याकडे काय

भारतात हा प्रश्न कितीतरी पटींनी मोठा आहे, कारण इथे एकाच औषधाला शेकडो व्यापारी नावे असू शकतात. फक्त पॅन्टोप्राझोलच्या पट्ट्या शोधायच्या म्हटल्या तरी एखाद्या शहरात डझनावारी नावे सापडतील. नावे जितकी जास्त, तितक्या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जोड्या जास्त.

सर्वोच्च न्यायालयाने याकडे २००१ मध्येच लक्ष वेधले होते. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब ही मलेरियावरची दोन औषधे. नावे जुळी, पण एकात आर्टेसुनेट आणि दुसऱ्यात मेफ्लोक्विन. डॉक्टर आणि औषधविक्रेते जाणकार असतात, त्यांची गफलत होणार नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. औषधाच्या बाबतीत नावातला गोंधळ जिवावर बेतू शकतो, त्यामुळे इतर वस्तूंपेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे, असे सांगून न्यायालयाने सुचवले की औषधाला परवानगी देताना प्रशासनाने ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध अहवाल मागवावा.

नियम व्हायला त्यानंतर १८ वर्षे लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली आणि कंपनीने ‘फॉर्म ५१’मध्ये हमीपत्र द्यावे, असे ठरले. असे किंवा यासारखे नाव बाजारात नाही आणि या नावाने गोंधळ होणार नाही, ही हमी. पाऊल योग्य दिशेचे आहे, पण कमकुवत आहे. शोध घेणारा अर्जदार, हमी देणारा अर्जदार, आणि नाव खपावे यात हितसंबंध असणाराही तोच. प्रस्तावित नाव घाईच्या हस्ताक्षरात कसे दिसते, फोनवर कसे ऐकू येते, हे त्रयस्थ यंत्रणेने तपासून पाहण्याची अट त्यात नाही. नाव नोंदवणारे ट्रेडमार्क कार्यालय एका मंत्रालयाखाली, औषधांचे केंद्रीय नियमन दुसऱ्या मंत्रालयाखाली आणि उत्पादन परवाना बहुतांश राज्यांच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. रुग्णाच्या हातात पट्टी पडेपर्यंत नावाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे स्पष्ट होत नाही.

परिणामी वाद न्यायालयात जातो, तोही कंपन्यांच्या तक्रारीवरून. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्वचेच्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावाची आणि वेष्टनाची नक्कल करणाऱ्या कंपनीला दीड कोटी रुपये भरायला लावले. ती रक्कम केरळच्या पूरग्रस्तांसाठी गेली. दंड घसघशीत होता. पण त्या वादात एका कंपनीचे नुकसान झाले होते, म्हणून तो उभा राहिला. ज्या जोडीमुळे केवळ रुग्णाचे नुकसान होते, तिच्यासाठी न्यायालयात कोण जाणार?

शेपटीचा घोळ

आपल्याकडची आणखी एक खासियत म्हणजे नावाला जोडलेली शेपटी. लॅसिक्स आणि लॅसिलॅक्टोन या दोन्ही लघवीच्याच गोळ्या, नावेही सख्खी. पण पहिलीत फक्त फ्युरोसेमाइड आहे, दुसरीत त्याच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन. पहिली गोळी शरीरातले पोटॅशियम घालवते, तर स्पायरोनोलॅक्टोन ते धरून ठेवते. मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाला पहिलीऐवजी दुसरी गेली, तर पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. आम्लाच्या गोळ्यांतही तेच. ‘पॅन’ वेगळी आणि ‘पॅन-डी’ वेगळी. दुसरीत डोंपेरिडोन असते आणि हृदयाच्या ठोक्यांचा विकार असलेल्यांना ते जपून द्यावे लागते.

या शेपट्यांना ठरलेला अर्थ नाही. ‘डी’ म्हणजे एका नावात डोंपेरिडोन, दुसऱ्यात डेक्सामेथासोन, तिसऱ्यात ड जीवनसत्त्व. ‘प्लस’ म्हणजे काय मिळवले, हे पट्टी उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही. फोनवरून औषध मागवताना ही शेपटी सर्वात आधी गळून पडते.

मूळ नावाने प्रश्न सुटेल?

यावर उपाय म्हणून मूळ नावाने, म्हणजे जेनेरिक नावाने औषध लिहावे असे सांगितले जाते. मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच मूळ नाव, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहिण्याची तरतूद केली. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नावाची सक्ती करणारे नियम आणले, पण डॉक्टरांच्या संघटनांनी जेनेरिक औषधांच्या दर्जाचा मुद्दा काढला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले.

दर्जाचा वाद वेगळा. नावाच्या सुरक्षिततेपुरते पाहिले, तर मूळ नाव नक्कीच सरस आहे. ही नावे जागतिक आरोग्य संघटना ठरवते आणि त्यांच्या शेवटात औषधाचे कूळ दडलेले असते. फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड यांच्या शेवटी ‘सेमाइड’ दिसले की समजावे लघवीची गोळी. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांच्या शेवटी ‘प्राझोल’ दिसले की बहुधा आम्लाची गोळी. लॅसिक्स आणि लोसेक यांच्यात गल्लत होईल. फ्युरोसेमाइड आणि ओमेप्राझोल यांच्यात होणे जवळजवळ अशक्य.

‘बहुधा’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. रॅबेप्राझोल आम्लाची गोळी आहे आणि अ‍ॅरिपिप्राझोल मानसिक आजारावरचे औषध. या जोडीत अदलाबदल होऊ शकते, असा इशारा औषधसुरक्षेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी दिलेला आहे. छापील प्रिस्क्रिप्शननेही सगळे प्रश्न संपत नाहीत. संगणकात पहिली तीन अक्षरे टाकली की सारखी नावे एकाखाली एक येतात आणि घाईत बोट खालच्या ओळीवर पडते. ती चूक तर अगदी सुवाच्य अक्षरात छापली जाते.

एक ओळ, जी बरेच वाचवू शकते

मग चिठ्ठीवर आणखी काय हवे? औषध कशासाठी आहे, ते. ‘सूज व दम लागण्यासाठी’ किंवा ‘पोटातल्या आम्लासाठी’ इतके तीन-चार शब्द. नावे कितीही जुळी असली तरी त्यांची कामे क्वचितच जुळतात. लॅसिक्स-लोसेकसारख्या जोडीत हेतू लिहिलेला असता, तर औषध देणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि घरच्यांच्याही चूक लक्षात आली असती. याला यंत्र लागत नाही, कायदा लागत नाही. लागतात ती फक्त काही सेकंदे. गर्दीच्या ओपीडीत तीही महाग असतात, हे खरे. म्हणूनच छापील प्रिस्क्रिप्शनचा नमुना ठरवताना ‘कशासाठी’ हा रकाना सक्तीचा ठेवणे शहाणपणाचे होईल.

सरकारी रुग्णालयांत याची गरज अधिक आहे. तिथे औषधे मूळ नावाने येतात, ही जमेची बाजू. पण पुरवठादार बदलला की गोळीचा रंग, आकार, पट्टी सगळे बदलते. ज्यांना वाचता येत नाही किंवा मोतीबिंदूमुळे दिसत नाही, ते गोळी रंगावरूनच ओळखतात. खिडकीवर पट्टी कापून दहा गोळ्या दिल्या जातात तेव्हा नाव आणि मुदत असलेला तुकडा अनेकदा मागेच राहतो. ‘ही लघवीची, सकाळी; ही आम्लाची, उपाशीपोटी’ असे तोंडी सांगणे आणि पाकिटावर लिहून देणे, हा औषध देण्याचाच भाग मानला गेला पाहिजे.

रुग्ण आणि नातेवाइकांनाही काही गोष्टी करता येतील. दवाखान्यातून निघण्यापूर्वी प्रत्येक औषध कशासाठी आहे, हे विचारून लिहून घ्यावे. दुकानात पट्टी हातात आली की त्यावरचे मूळ नाव चिठ्ठीशी ताडून पाहावे. २०१८ च्या नियमानुसार बहुतेक औषधांवर मूळ नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेले असते, ते याचसाठी. फोनवर नाव सांगण्याऐवजी जुन्या पट्टीचा फोटो पाठवावा. ‘हे नाही, पण त्यातलेच आहे’ असे म्हणून दुसरी पट्टी मिळाली, तर डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी. चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी परस्पर दुसरे देण्याची मुभा कायदा दुकानदाराला देत नाही. पट्टी अशी कापावी की नाव शेवटपर्यंत शिल्लक राहील. आणि पुढच्या तपासणीला जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. केसपेपरवर काय लिहिले आहे आणि पोटात काय जाते आहे, यातला फरक त्या पिशवीतच सापडतो.

हृदयरुग्णांनी रोज सकाळी वजन करण्याची सवय ठेवावी. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साठत आहे, असे समजून लगेच डॉक्टरांना गाठावे आणि सोबत गोळीची पट्टी दाखवावी. नवी पट्टी सुरू केल्यावर लघवी अचानक खूप वाढली किंवा नेहमीची कमी झाली, तरी तेच करावे. मात्र शंका आली म्हणून चालू औषध स्वतःहून बंद करू नये. हृदयरुग्णाची लघवीची गोळी थांबवणे धोक्याचे, आणि अ‍ॅस्पिरिनसोबत जठराच्या रक्षणासाठी दिलेली आम्लाची गोळी थांबवणेही तितकेच. आधी पट्टी दाखवावी, मग निर्णय डॉक्टरांना घेऊ द्यावा.

न्यायालयाने दिलेली दोन वर्षांची मुदत ही नमुना नीट ठरवण्याची संधी आहे. औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि हेतू, या चारही गोष्टी चिठ्ठीवर आल्या आणि नव्या नावांची तपासणी कंपनीच्या हमीवर न सोडता औषध प्रशासनाने स्वतः केली, तर अक्षराच्या चर्चेतून रुग्णाच्या हाती काही ठोस लागेल. केवळ अक्षर सुधारले, तर चुकीच्या गोळीचे नाव आपल्याला फार स्पष्टपणे वाचता येईल, इतकेच.